औषधाची चाचणी मंजूर कोण करतं? एथिक्स कमिटीतल्या खुर्च्या आणि त्यांवर बसणारी माणसं

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत, धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात, नाहीतर मिहानच्या एम्समध्ये उपचार घेताना कधीतरी डॉक्टर विचारतात, "एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू आहे, तुम्ही भाग घ्याल का?" मग हातात काही पानांचं माहितीपत्रक येतं. औषध कशासाठी आहे, किती वेळा यायचं, कोणता त्रास होऊ शकतो, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि कुठेतरी एक ओळ असते की या संशोधनाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन रुग्णांच्या दृष्टीने योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता आहे. बहुतेक जण ती ओळ वाचत नाहीत. वाचलीच तर 'म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी बघितलेलं दिसतंय' एवढा अर्थ लावतात.

तो अर्थ अर्धाच बरोबर आहे. त्या कमिटीत डॉक्टर असतातच, पण नुसत्या डॉक्टरांची कमिटी कायद्याला चालत नाही. तिच्यात वकील लागतो, समाजाचा अभ्यास असलेलं कुणीतरी लागतं, किमान एक महिला लागते आणि वैद्यकीय पेशाशी संबंध नसलेला एक साधा नागरिकही लागतो. हा साधा नागरिक बैठकीला आला नाही, तर औषधचाचणीच्या प्रस्तावाचा आढावा त्या दिवशी घेताच येत नाही. मग तिथे कितीही नामवंत प्राध्यापक बसलेले असोत.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी नागपुरातल्या एका समितीवर याच सामान्य नागरिकाच्या खुर्चीत बसू लागले. आत झालेली चर्चा बाहेर सांगायची नाही, असं लिहून द्यावं लागतं आणि ते योग्यच आहे. त्यामुळे खऱ्या प्रस्तावांबद्दल इथे काही नाही. पण समिती कशी बनते, कोण कशासाठी बसतं, हे गुपित नाही. उलट ते प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कायदा काय म्हणतो

भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली स्वतंत्र नियम आले: नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९. त्यांच्यानुसार चाचणी सुरू करायला दोन दारं ओलांडावी लागतात. एक दिल्लीचं, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी. दुसरं जिथे रुग्ण घेतले जाणार आहेत त्या ठिकाणच्या एथिक्स कमिटीचं. दिल्लीने हो म्हटलं म्हणून नागपूरच्या समितीने हो म्हणायलाच हवं, असं बंधन नाही.

समितीत किमान सात सदस्य हवेत. वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय, विज्ञानाचे आणि विज्ञानाबाहेरचे, असे दोन्हीकडचे. त्यांत किमान एक सामान्य व्यक्ती, एक महिला, एक कायदेतज्ज्ञ, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी एक स्वतंत्र सदस्य. एकूण सदस्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. अध्यक्ष बाहेरचाच हवा. सदस्य-सचिव मात्र संस्थेतला असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याच्याशी जुळतात आणि काही ठिकाणी आणखी खोलात जातात. सदस्यसंख्या सात ते पंधरा असावी, असं ती सांगतात. संस्थेचा प्रमुख, म्हणजे डीन किंवा संचालक, समितीचा सदस्य नसावा, हेही त्यांत स्पष्ट आहे.

सगळ्या समित्या एकाच दफ्तरी नोंदलेल्या नसतात, हेही सांगायला हवं. नव्या औषधांच्या चाचण्या तपासणारी समिती केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदवावी लागते आणि ही नोंदणी पाच वर्षं चालते. बाकीचं आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे होते. मेडिकल कॉलेजमध्ये पीजी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा थिसिस या दुसऱ्या प्रकारात येतो. म्हणून कॉलेजच्या समितीपुढे कंपन्यांच्या चाचण्यांपेक्षा थिसिसच्या सिनॉप्सिसचीच (आराखड्यांचीच) चळत मोठी असते. त्यातले कमी जोखमीचे अभ्यास मोजके सदस्य लवकर तपासून मोकळे करतात. नव्या औषधाची चाचणी मात्र पूर्ण बैठकीतच येते.

बाहेरचा अध्यक्ष कशासाठी

ज्यांनी सरकारी रुग्णालयाचा कारभार जवळून पाहिला आहे, त्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या विभागप्रमुखांचा प्रस्ताव समोर आहे. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता सहायक प्राध्यापक झालेला डॉक्टर समितीत बसलेला आहे. त्याला प्रस्तावात खोट दिसली, तरी "सर, हे बरोबर नाही," असं भर बैठकीत म्हणणं सोपं नसतं. डीनच अध्यक्ष असतील तर अवघडपणा दुप्पट होतो, कारण चाचणी आली की संस्थेचं नाव होतं आणि निधीही येतो. इथे कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली नाही. ज्याची बदली, बढती, गोपनीय अहवाल त्या संस्थेच्या हातात नाही, अशा माणसाने बैठक चालवली की बाकीच्यांनाही बोलायला मोकळीक मिळते, एवढंच.

सदस्य-सचिव आतला असण्यामागेही कारण आहे. प्रस्ताव गोळा करणं, ते सदस्यांपर्यंत वेळेत पोचवणं, कार्यक्रमपत्रिका, बैठकीचं इतिवृत्त, मंजुरीची पत्रं, चाचणी संपल्यावरही पाच वर्षं कागद जपून ठेवणं, हे सगळं रोज त्या इमारतीत असणाऱ्यालाच जमतं. ओपीडी, शिकवणं आणि परीक्षा सांभाळून ते हे करतात. चांगला सदस्य-सचिव मिळणं ही कुठल्याही समितीची निम्मी पुण्याई असते.

समितीतल्या एखाद्या सदस्याचाच प्रस्ताव आला, किंवा ज्या कंपनीकडून तो मानधन घेतो तिची चाचणी आली, तर त्याने ते आधी जाहीर करायचं आणि त्या प्रस्तावाच्या चर्चेतून व मतदानातून बाजूला व्हायचं. नियम सरळ आहे. पण नागपूरचं वैद्यकीय जग लहान आहे. मेडिकलचे बॅचमेट आज शहरातल्या अर्ध्या रुग्णालयांत आहेत. एका समितीतला 'बाहेरचा' सदस्य दुसऱ्या समितीपुढे संशोधक म्हणून येतो. कालपरवा त्याच संस्थेतून निवृत्त झालेला प्राध्यापक नियमाच्या अक्षराला कदाचित बाहेरचा ठरेल, पण त्याचं मन एका दिवसात बाहेर येत नाही. माझ्या मते संस्थांनी बाहेरचे सदस्य निवडताना आपल्या ओळखीच्या वर्तुळाच्या पलीकडे पाहायला हवं. कायदा निम्म्या सदस्यांचा आकडा देतो, माणसं नेमणं संस्थेच्या हातात असतं.

एक काल्पनिक प्रस्ताव, वेगवेगळ्या सदस्यांच्या नजरेतून

कोण काय बघतं हे यादी देऊन कळत नाही. म्हणून समजा, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या एका नव्या औषधाच्या चाचणीचा प्रस्ताव नागपूरच्या समितीपुढे आला आहे. हा आजार विदर्भाच्या ओळखीचा आहे. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यापासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण नागपूरला येतात.

औषधशास्त्रज्ञ आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांची आणि यापूर्वीच्या टप्प्यांची माहिती बघतात. मात्रा कशी ठरवली? किडनी किंवा लिव्हरवर काय परिणाम दिसला? रुग्ण आधीच घेत असलेल्या गोळ्यांसोबत हे औषध चालेल का? ज्या टप्प्याची चाचणी आहे, त्या टप्प्याला पुरेसा पुरावा हातात आहे का? ही माहिती संशोधकांसाठीच्या जाडजूड पुस्तिकेत असते आणि ती नीट वाचू शकणारी समितीत हीच एक-दोन माणसं असतात.

क्लिनिशियनचा, म्हणजे रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, प्रश्न वेगळा. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया हे परिणाम सिद्ध झालेलं औषध आहे. मग अभ्यासातल्या दुसऱ्या गटाला काय मिळणार? हायड्रॉक्सियुरिया, की नुसती साखरेची गोळी? चांगलं औषध उपलब्ध असताना रुग्णाला केवळ तुलनेसाठी त्यापासून वंचित ठेवायचं का? हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर बाकी सगळी कागदपत्रं नीट असूनही अन्याय होऊ शकतो. तीव्र दुखण्याचा झटका रात्री दोन वाजता आला तर रुग्ण कुठे जाणार, त्याला कोण बघणार, तो खर्च कोण देणार, हेही त्यांनीच विचारायचं असतं.

कायदेतज्ज्ञ विम्याचे कागद आणि कंपनी, संशोधक व संस्था यांच्यातला करार उघडतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळणं आणि भरपाई मिळणं हा सहभागी रुग्णाचा हक्क आहे. संमतीपत्रातल्या एखाद्या गुळगुळीत वाक्याने तो हक्क काढून तर घेतलेला नाही ना? रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर सही कुणाची? आईवडील नसतील तर कायद्याने कोण चालेल? मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, शिवाय साधारण सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. लहानाचा तोंडी चालतो, मोठ्याचा लेखी लागतो. 'बाबांनी सही केली, आता तू गप्प बस,' हे चालत नाही.

समाजशास्त्राच्या सदस्याला वेगळीच काळजी असते. सिकलसेल आनुवंशिक आहे. मुलीचा रक्ताचा अहवाल गावात कळला तर तिचं लग्न मोडू शकतं. पाठपुराव्यासाठी अभ्यासाचा कोऑर्डिनेटर गाडी घेऊन थेट घरी जाणार असेल, तर शेजाऱ्यांना काय कळेल? माहिती कुठे ठेवणार, कोण बघणार? एकाच समाजाचे लोक या अभ्यासात जास्त असतील, तर निष्कर्ष छापताना त्या समाजावर शिक्का बसणार नाही, याची काळजी कोण घेणार?

महिला सदस्याने फक्त बायकांचे प्रश्न विचारायचे, असं अजिबात नाही. ती औषधशास्त्रज्ञ असू शकते, वकील असू शकते, अध्यक्षही असू शकते. तरी काही गोष्टी तिच्या लक्षात आधी येतात. या प्रस्तावात लिहिलेलं असतं की चाचणीच्या काळात गर्भधारणा टाळावी आणि दर भेटीला लघवीची तपासणी होईल. हे वाचायला सोपं आहे. पण सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीला, तिच्या वडिलांच्या देखत, हे कोण आणि कसं सांगणार? तपासणीचा निकाल आधी कुणाच्या हातात जाणार? लग्न झालेल्या बाईला 'गर्भधारणा टाळा' सांगितलं, पण घरात तो निर्णय तिचा आहे का?

मला एक गोष्ट खटकते. बैठकीचा कोरम, म्हणजे किमान कोण हजर हवं ते, ठरवताना नियमांनी पाच जण मोजले आहेत: वैद्यकीय शास्त्रज्ञ (शक्यतो औषधशास्त्रज्ञ), क्लिनिशियन, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम सदस्य, आणि सामान्य व्यक्ती. समितीत महिला असणं सक्तीचं आहे, पण त्या पाचांच्या यादीत तिचं नाव वेगळं नाही. म्हणजे बायकांवरच्या चाचणीची बैठक एकही बाई हजर नसताना कायदेशीर ठरू शकते. चांगल्या समित्या स्वतःहून असं होऊ देत नाहीत. तरी हे त्यांच्या चांगुलपणावर सोडू नये. यात बदल झाला पाहिजे.

सामान्य नागरिकाची खुर्ची

आयसीएमआरच्या मते ही व्यक्ती लिहिता-वाचता येणारी, स्थानिक भाषा आणि लोकांच्या रीतीभाती जाणणारी, आणि गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय किंवा आरोग्याच्या पेशात नसलेली असावी. ज्या समाजातून रुग्ण घेतले जाणार, त्या समाजातली असेल तर उत्तमच. पदवीची अट नाही. तिने प्रस्तावाकडे रुग्णाच्या जागेवरून बघायचं. फायदा आणि धोका तोलायचा, आणि माहितीपत्रक व त्याचं भाषांतर वाचून ते खरंच कळतं का, हे सांगायचं.

ऐकायला हे हलकं काम वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथेच निघतात.

आपल्या काल्पनिक प्रस्तावात लिहिलेलं आहे, 'प्रत्येक भेटीत १५ मिलिलिटर रक्त घेतलं जाईल.' अंगात आधीच रक्त कमी असलेल्या मुलाच्या आईला हा आकडा काय सांगतो? 'साधारण तीन छोटे चमचे' असं लिहिलं तर तिला कळतं, आणि मग ती विचारते, "दर भेटीला एवढं काढणार? कमी नाही होणार?" हा प्रश्न तिला विचारता आला पाहिजे, त्यासाठीच ते पत्रक असतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुणाला कोणतं औषध मिळणार, हे संगणक ठरवतो. डॉक्टर नाही. रुग्णाची समजूत नेमकी उलटी असते: 'डॉक्टरसाहेब माझ्यासाठी जे चांगलं तेच देतील.' ज्याच्यावर वर्षानुवर्षं विश्वास टाकला, तोच डॉक्टर या अभ्यासात आपल्यासाठी औषध निवडत नाही, हे रुग्णाला कळलंच नाही तर त्याच्या सहीला काही किंमत नाही. म्हणून ही गोष्ट पत्रकात पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत आणि सरळ वाक्यात असावी, असा आग्रह या खुर्चीने धरायला हवा.

मग येतं येणं-जाणं. चाचणीच्या वेळापत्रकात जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला भेट आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत त्या दिवसांत धानाची रोवणी असते. वर्षाची मजुरी त्याच काळात हातात येते. एटापल्ली किंवा देवरीहून नागपूरला येणाऱ्या आईचा एक दिवस नाही, दोन दिवस जातात. संगणकावर वेळापत्रक बनवणाऱ्याला हे माहीत नसतं. इथे कुणीतरी म्हणावं लागतं की त्या महिन्यांतल्या काही भेटी जवळच्या सरकारी रुग्णालयात होतील का ते बघा, प्रवासखर्च द्या, बुडालेली मजुरी द्या. पैसे देणं नियमात बसतं, पण रक्कम समितीने तपासायची असते. ती इतकी मोठी नको की पैशासाठी माणूस धोका पत्करेल. आणि इतकी कमीही नको की गरिबाने पदरमोड करून विज्ञानाची सेवा करावी. नेमकी रेघ कुठे मारायची, यावर बैठकीत खूप वेळ जातो. जावाच.

भाषेचं म्हणाल तर मराठी आणि हिंदी पत्रकं असली की झालं, असं मानायची सवय आहे. नागपूरच्या वॉर्डात गोंडी बोलणारे असतात, छत्तीसगडी बोलणारे असतात, सिरोंच्याकडून आलेले तेलुगू बोलणारे असतात, मेळघाटातून आलेले कोरकू असतात. वाचता न येणाऱ्या रुग्णाला पत्रक वाचून दाखवताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. तो साक्षीदार रुग्णाची भाषा समजणारा आहे का, हा प्रश्न सामान्य सदस्याचाच. नव्या रेणूच्या, म्हणजे आधी मंजूर न झालेल्या औषधी द्रव्याच्या, चाचणीत दुर्बल गटातले रुग्ण असतील, तर संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचं आहे. त्या मुद्रणात रुग्ण नुसती मान डोलावताना दिसतो, की स्वतःच्या शब्दांत काही सांगतो, यावरून बरंच समजतं.

ही खुर्ची नुसती भरण्यासाठी भरली जाते, असंही होतं. सामान्य सदस्य येतात, चहा घेतात, सही करतात. इंग्रजीत चाललेली चर्चा कळली नाही तरी विचारायला संकोच वाटतो. याचा दोष मी त्या सदस्याला देणार नाही. समोर चारशे पानांचा प्रस्ताव, भोवती डॉक्टर मंडळी, आणि 'ताई, तुमचं काही?' असा शेवटी एक प्रश्न. अध्यक्षांनी क्रम उलटा करावा. सामान्य सदस्याला आधी बोलू द्यावं, तज्ज्ञांनी नंतर बोलावं. तज्ज्ञ एकदा "ठीक आहे" म्हणाले की त्यानंतर शंका काढायला फार धीर लागतो. दुसरं म्हणजे, एकाऐवजी दोन सामान्य सदस्य घ्यावेत. कायदा किमान एक म्हणतो. दोन घेऊ नका, असं कुठेही म्हणत नाही.

हे सगळं आलं कुठून

नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग केले. त्यांच्यावरच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली आणि माणसाची स्वतःची संमती अत्यावश्यक ठरली. १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा केला आणि १९७५ सालच्या दुरुस्तीत स्वतंत्र समितीने प्रस्ताव तपासावा, ही अपेक्षा आली. दरम्यान अमेरिकेत टस्कीगीचं प्रकरण उघडं पडलं होतं. सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ इतकी वर्षं केवळ निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. ते काम शिकलेले डॉक्टरच करत होते, आणि आपण विज्ञानाची सेवा करतोय असं त्यांना वाटत होतं. समितीत डॉक्टरांखेरीज माणसं का हवीत, याला याहून मोठं उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडे आयसीएमआरने १९८० साली पहिलं धोरणपत्र काढलं, पण समित्यांची नोंदणी सक्तीची व्हायला २०१३ उजाडलं. त्याआधी २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस एका अभ्यासात दिली गेली. वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर अभ्यास थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाले, असं चौकशीत आढळलं नाही आणि ही लस आज जगभर वापरली जाते. पण संमती कशी घेतली, समित्यांनी काय बघितलं, यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. चांगली लससुद्धा चुकीच्या पद्धतीने तपासली तर लोकांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला पुढच्या किती आशाताई दारोदार फिरतात, ते आपण बघतो.

मंजुरीनंतर

समितीचं काम सहीने संपत नाही. मंजूर केलेल्या अभ्यासाचा वेळोवेळी आढावा घ्यायचा, प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन बघायचं, गरज पडली तर मंजुरी मागे घ्यायची. चाचणीत कुणाला गंभीर इजा झाली किंवा मृत्यू झाला, तर संशोधकाने चोवीस तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि समितीला कळवायचं. मृत्यूच्या प्रकरणात समितीने तीस दिवसांत कारणांचा अभ्यास करून भरपाईबद्दलचं मत द्यायचं. भरपाईचं सूत्र नियमांतच आहे. त्यात माणसाचं वय आणि चाचणीत येताना त्याचा आजार किती गंभीर होता, दोन्ही धरलं जातं. शेवटचा आदेश केंद्रीय नियंत्रकांचा असतो.

ज्या रुग्णालयाची स्वतःची समिती नाही, त्याला त्याच शहरातली किंवा पन्नास किलोमीटरच्या परिघातली समिती चालते. कामठीच्या रुग्णालयाला नागपूरची समिती चालेल, वर्ध्याच्या किंवा गोंदियाच्या नाही. अंतराची ही अट मला फार शहाणी वाटते. जिथे रुग्ण आहेत तिथली माती, तिथलं पाणी, तिथली मजुरी माहीत असलेल्या माणसांनीच निर्णय घ्यावा, आणि काही बिघडलं तर त्यांना तासाभरात तिथे पोचता यावं.

तुम्हाला कागद मिळाला तर

माहितीपत्रक घरी न्या. घरच्यांना वाचायला द्या. लगेच सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही. नाही म्हटलं, किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. पत्रकात संशोधकाशिवाय एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचा किंवा सदस्य-सचिवांचा संपर्कही असतो. तो शोधा. डॉक्टरांना विचारायला अवघड वाटेल असा प्रश्न तिथे विचारा. चाचणी खरी आहे का, हे बघायचं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही सरकारी नोंदवही सगळ्यांना खुली आहे. औषधचाचणीत पहिला रुग्ण घेण्याआधी तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या समितीच्या मान्यतेने चाचणी चालू आहे, हे तिथे दिसतं. घरात कुणी इंग्रजी वाचणारं असेल तर पाच मिनिटांत सापडतं.

आणि तुम्हाला त्या खुर्चीत बसायचं असेल, तर त्यासाठी ओळख लागू नये. शहरातल्या मेडिकल कॉलेजांच्या किंवा मोठ्या रुग्णालयांच्या सदस्य-सचिवांना साधं पत्र लिहा: काय काम करता, कोणत्या भाषा येतात, कोणत्या भागातले लोक तुम्हाला जवळून माहीत आहेत. निवड झाली तर प्रशिक्षण मिळतं, नेमणूक ठरावीक मुदतीची असते, येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन मिळतं. ते मानधन मंजुरी दिली तरी तेवढंच आणि नकार दिला तरी तेवढंच. रिक्षा चालवणारे, बचतगट चालवणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेले, सिकलसेलच्या रुग्णाची आई असलेल्या, अशा लोकांची पत्रं जायला हवीत. गोंडी येणाऱ्यांची तर आधी.